चेंडूने काल काही खाल्लं नाही

बुधवार, ६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

प्रथम एक तक्रार नोंदवतो, आणि ती तू गांभीर्याने घ्यावीस. या घरात तापमानाच्या बाबतीत उघड पक्षपात चालू आहे. माझ्या खोलीत सकाळी बोललं की तोंडातून वाफ येते. मी स्वेटरवर स्वेटर, त्यावर तुझ्या आईची शाल, असा जाड बांधणीच्या ग्रंथासारखा होऊन प्रुफं वाचतो. आणि माझ्यापासून दोन हातांवर, काचेच्या पेटीत, तुझा चेंडू बत्तीस अंशांवर पहुडलेला असतो. त्याला उजवीकडे ऊब, डावीकडे गारवा, दोन्हीकडे लपायला एकेक स्वतंत्र खोली, मध्ये पाण्याचं भांडं आणि खाली भुशाची गादी. मला उजवीकडे खिडकी आहे आणि डावीकडेही खिडकीच आहे. शेवटी मी खुर्ची उचलून पेटीच्या काचेला पाठ लावून बसायला लागलो. या वयात, पाय नसलेल्या एका प्राण्याच्या वशिल्याने शेकायला मिळतं आहे, एवढी माझी या घरातली पत.

आता मुख्य बातमी. चेंडूने काही खाल्लेलं नाही. तू गेलीस त्या आठवड्यात नाही, त्यानंतर नाही आणि गेल्या रविवारीही नाही. संस्कृत कोशांत सापाला ‘पवनाशन’ असं एक नाव दिलेलं आहे, म्हणजे वारा खाऊन राहणारा. विद्यार्थिदशेत मला ती कविकल्पना वाटायची. आता वाटतं, त्या कोशकाराच्या घरीही एखादी भिंगरी असणार आणि ती आपला साप बापाच्या गळ्यात घालून लांबच्या नोकरीवर गेली असणार.

माझ्या बाजूने प्रयत्नांत कसूर नाही. आयुष्यात अंडंसुद्धा न फोडलेला मी, फ्रीजरमधल्या मटारांच्या पिशवीशेजारून तो पिटुकला उंदीर काढतो, आदल्या दिवशी खालच्या कप्प्यात ठेवतो, दुसऱ्या दिवशी नीट स्वच्छ करतो, ऊन करतो, लांब चिमट्यात धरतो, आणि हात जेवढा लांब जाईल तेवढा लांब करून व तोंड दुसरीकडे वळवून पेटीत नेतो. चेंडू बाहेर येतो. जीभ काढतो. क्षणभर मला आशा वाटते. मग तो जीभ आत घेतो, मान मागे घेतो, सगळं अंग गुंडाळतो आणि डोकं मधोमध खुपसून खरोखरच चेंडू होतो. हुबेहूब असाच भाव मी आमच्या छापखान्याच्या व्यवस्थापकांच्या तोंडावर रजेचा अर्ज पुढे ठेवल्यावर पाहिलेला आहे.

स्वैपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन केलं. थोडं उतरलं आहे. वजन उतरत राहिलं तर चेंडूला तुझ्या मैत्रिणीकडे, त्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे, पोचवायचं असं आपलं ठरलं होतं. त्यांच्याकडे असे पाच आहेत, सहावा सहज मावेल, असं तू म्हणाली होतीस, आणि मी मान डोलावली होती. तेव्हा मान डोलावणं सोपं होतं. तेव्हा माझी त्याची ओळख नव्हती.

उपाय कळव. तिकडे वर थंडी किती आहे तेही कळव. लोभ आहेच, तो गारठ्याने आखडू देऊ नये.

तुझे,
बाबा


गुरुवार, १४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आजच्या जीपने बटाटे, रॉकेल आणि तुमचं पत्र आलं. जीप उद्या सकाळी खाली उतरेल, म्हणून लगेच लिहिते. इथला फोन फक्त वाऱ्याचा वेग आणि हवेचा दाब खाली कळवण्यासाठी आहे. त्यावरून मी उंदरांची चौकशी केली तर हवामान कचेरीत गोंधळ उडेल. तेव्हा आपलं सगळं पत्रावरच.

तुमचं पत्र वाचून आधी हसले आणि मग कपाळाला हात लावला. बाबा, तुम्ही पेटीला पाठ लावून बसता? तो अजून पिल्लू आहे. त्याच्या जातीचे साप दिवसभर बिळात दडून बसतात. उघड्यावर असलं की त्यांना वाटतं, आता कोणीतरी आपल्याला खाणार. आणि त्याने मान वर केली की समोर काय दिसतं, तर शाल पांघरलेली तुमची पाठ. त्याच्या जागी मी असते तर मीसुद्धा जेवले नसते.

आता खरं सांगा, दिवसातून कितीदा डोकावता? तुम्ही एक पान तीनदा वाचता हे मला ठाऊक आहे. लहानपणी तुमच्यासमोर उभं राहून संस्कृत शब्द चालवताना मला येत असलेलंही विसरायला व्हायचं. चेंडूचं तसंच होतंय.

म्हणून असं करा. पेटी तुमच्या टेबलाजवळून हलवा, माझ्या खोलीत ठेवा. तीन बाजूंनी कागद लावून काच झाका. आठवडाभर त्याला हातात घेऊ नका, वजनालासुद्धा नाही. संध्याकाळी दिवा मंद करा, उंदीर त्याच्या खोलीच्या तोंडाशी धरा आणि घेतला नाही तर तिथेच ठेवून निघून या. दार लावा. दाराच्या फटीतून बघू नका. मी तुम्हाला ओळखते.

वजनाचं म्हणाल तर घाबरू नका, ही जात उपास सोसते. पण पिल्लाने फार दिवस सोसू नये. वर्ष संपेपर्यंत त्याने तोंड लावलं नाही तर मात्र डॉक्टरीणबाईंना सांगावंच लागेल. तिच्याकडे तो नीट राहील. मला वाईट वाटेल, पण तो जगायला हवा.

इथे डोंगरावरच्या वेधशाळेत आम्ही चौघं आणि ढग. थंडी तुमच्या खोलीपेक्षा जास्त आहे, एवढं समाधान करून घ्या. माया आहेच, ती जीपमध्ये बटाट्यांखाली चेंगरली तरी पोचेल.

तुमची,
भिंगरी


सोमवार, २५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आरोपी गुन्हा कबूल करतो. मी दर प्रुफाला एकदा डोकावत होतो, आणि सध्या शालेय भूगोलाचं काम चालू असल्यामुळे प्रुफं भरपूर होती.

तुझ्या सूचनांची अंमलबजावणी पुढीलप्रमाणे झाली. पेटी तुझ्या खोलीत गेली. काच झाकायला घरात रद्दी प्रुफांखेरीज कागद नव्हता, म्हणून तीच लावली. आता चेंडूच्या पूर्वेस नद्या, पश्चिमेस पर्वत आणि उत्तरेस खनिज संपत्ती आहे. काम झाल्यावर मी समाधानाने मागे सरलो, तर पश्चिमेच्या कागदावर दुसऱ्याच ओळीत दोन पर्वतांच्या उंचींची अदलाबदल दिसली. ते गेल्या वर्षीचं पुस्तक, छापून शाळांत गेलेलं आहे, काही उपयोग नाही, हे मनाला बजावलं. तरी हात ऐकेना. तांबडी पेन्सिल घेऊन गुडघ्यावर बसलो आणि काचेवरच दुरुस्त्या करू लागलो. पान संपत आलं तेव्हा आतून फुस्स असा आवाज आला. त्याचं म्हणणं रास्त होतं. मी दिवा मालवून निघून आलो.

काल रविवारी संध्याकाळी उंदीर खोलीच्या तोंडाशी धरला. जीभ आली, मान आली, मग मान गेली. उंदीर तिथे ठेवून दार लावलं. फटीतून पाहिलं नाही. सकाळी उंदीर होता तिथेच, माझ्याइतकाच खिन्न.

तुझ्या आत्याला, आक्काला, लिहिलं होतं. तिचं उत्तर आलं की साप आणि पेशंट यांत तिला फरक वाटत नाही. वॉर्डात जेवत नसलेल्या माणसापुढे ताट ठेवायचं आणि आपण पाठ करून चादरींच्या घड्या घालत बसायचं, हा तिचा उपाय. मी तोही केला. तुझ्या खोलीतल्या सगळ्या चादरी आता घडी घातलेल्या आहेत.

आता माझ्या बाजूने राहिलेली त्रुटी कोणती, ते तूच शोध. स्वच्छतेत तर ती नसावी. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात फिरू द्यायची नाही, ही आमच्या आईची शिस्त मी याही बाबतीत पाळतो. उंदीर आधी कोमट पाण्यात, मग गुलाबाच्या साबणाने दोनदा, पोटाकडे विशेष लक्ष देऊन. मग पंच्याने टिपून, तुझ्या केस वाळवायच्या यंत्राने फुलवून, शेवटी किंचित पावडर. तू तान्ही असताना तुला न्हाऊ घालायचं काम माझ्याकडे होतं. क्रम हाताला आठवतो.

वजन तू मना केलंस म्हणून केलं नाही. डोळ्यांनी मात्र तो बारीक वाटतो. माया पाठवतो आहे, ती तूही माघारी पाठवावीस.

तुझे,
बाबा


गुरुवार, २८ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही उंदराला आंघोळ घालता.

मी हे वाक्य तीनदा वाचलं, तुमच्या पद्धतीने. मग मोठ्याने वाचलं. यंत्रं सांभाळणारे काका, जे दीड महिन्यात एकदाही हसले नव्हते, ते भिंतीला टेकून डोळे पुसत बाहेर गेले. परत आले आणि पावडर कुठली लावता अशी चौकशी करून पुन्हा बाहेर गेले.

बाबा, चेंडूला नजरेने फारसं कळत नाही. तो वास आणि ऊब यांवर चालतो. जीभ बाहेर काढतो ती वास घ्यायला. त्याच्या दृष्टीने तुम्ही दर रविवारी त्याच्यासमोर साबणाची ऊन वडी धरता आणि वर दुःखी होता. त्याने मान मागे घेतली नाही तर काय करावं? मी जाताना सगळं लिहून दिलं, पण उंदीर धुऊ नये हे लिहायचं मला सुचलं नाही. जगात कोणालाच सुचलं नसतं.

तेव्हा साबण बंद, पावडर बंद. उंदीर बंद पिशवीत घालून ऊन पाण्यात ठेवायचा, म्हणजे ओलाही होत नाही. डोक्याकडची बाजू जास्त ऊन लागायला हवी. वास तुम्हाला येईल. तो यायलाच हवा. नाकाला रुमाल बांधा.

तुमची पत्रं हल्ली मी रात्रपाळीला राखून ठेवते. एक गोष्ट लक्षात आली. मी वसतिगृहात होते तेव्हा पत्र आई लिहायची आणि खाली ता. क. म्हणून तुमच्या दोन ओळी असायच्या. अभ्यास कर. तब्येत सांभाळ. सहा वर्षं तुमचं मला आलेलं सगळं लिखाण म्हणजे एक लांबलचक ता. क. आहे. तुम्हाला उंदराच्या पोटावर एवढं लिहिता येतं, हे मला माहीत नव्हतं.

मग मीही एक लिहिते. इथे आल्यावर पहिले काही दिवस मी रोज रडले. वाऱ्याच्या यंत्रावर बर्फ धरतो, तेव्हा खांबावर चढून लाकडी हातोडीने तो झाडावा लागतो. कमरेला दोर असतो, तरी खाली ढगांशिवाय काही दिसत नाही. पहिल्या वेळी मी अर्ध्यावर थांबले आणि मला ना वर जाता येईना, ना खाली. खालून काका दोर धरून उभे राहिले. मग मी वर गेले. आता रोज जाते. या हिवाळ्याच्या नोंदी माझ्या हाताखाली व्हायच्या आहेत, पूर्णपणे माझ्या. हे मी आईला लिहिलं असतं. तुम्हाला लिहिते आहे, हे इतकं लिहून झाल्यावर लक्षात आलं.

पुढच्या रविवारी काय होतं ते कळवा. जीव टांगणीला आहे. दोर धरून ठेवा.

तुमची,
भिंगरी


सोमवार, ९ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

खाल्लं.

पुढचं सविस्तर. काल संध्याकाळी न धुतलेला उंदीर पिशवीत घालून ऊन केला. वासाविषयी लिहीत नाही, माझा शब्दसंग्रह संस्कृतप्रचुर आहे आणि त्यात असल्या गोष्टींची सोय नाही. नाकाला रुमाल, हातात चिमटा, असा दरोडेखोराच्या वेषात तुझ्या खोलीत गेलो. प्रत्यक्ष बघायचं नाही ही तुझी अट. म्हणून दाढीचा आरसा डाव्या हातात धरला आणि पाठमोरा बसलो. आरशातून बघणं हे बघणं नव्हे, असा मी माझ्यापुरता निर्णय दिला.

जीभ आली. मान आली. यावेळी मान गेली नाही. ती तिथेच थांबली, जणू तो बरोबर शब्द आठवत होता. आणि मग भिंगरी, चिमटा माझ्या हातातून असा ओढला गेला की मी आरसा टाकला, रुमाल गिळला असता, आणि वळून सरळ बघितलं. गुन्हा कबूल. चेंडूने उंदराभोवती तीन वेढे घातले होते आणि तो माझ्याकडे मुळीच बघत नव्हता. मी त्याच्या लेखी खोलीत नव्हतो. इतकं सुखद दुर्लक्ष माझ्याकडे आजवर कोणी केलेलं नाही.

आज छापखान्यात व्यवस्थापकांना सांगितलं की आमच्याकडे काल जेवण झालं. ते म्हणाले, बरं झालं. कोणाचं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पवनाशन ही पदवी परत घेण्यात येत आहे.

तुझं खांबावरचं वाचलं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचायला धीर झाला नाही. त्या काकांना माझा नमस्कार सांग. दोराची गाठ कोण तपासतं तेही कळव. मायेचं तू जाणतेसच, त्याची वेगळी पोच नको, पत्र मात्र हवं.

तुझे,
बाबा


गुरुवार, १२ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

शाब्बास चेंडू, शाब्बास तुम्ही. काकांना वाचून दाखवलं, त्यांनी नमस्कार सांगितला आहे. गाठ तेच तपासतात.

आता काळजी मिटली. दर रविवारी एक देत जा, मध्ये देऊ नका. डॉक्टरीणबाईंना काही कळवायची गरज नाही. इथे बर्फ वाढल्यामुळे नोंदी दुप्पट झाल्या आहेत, तेव्हा यापुढे दर जीपला पत्र जमेलच असं नाही. तब्येत सांभाळा.

तुमची,
भिंगरी


मंगळवार, १७ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं छोटं पत्र पोचलं. त्यातलं शेवटचं वाक्य ओळखीचं वाटलं.

चेंडूविषयी लिहायला बसलो आहे, पण लेखणी अडते. काल चेंडूने काही खाल्लं नाही. आजही सकाळपासून काही खाल्लेलं नाही. मघाशी जाऊन पाहिलं, तर खोलीत अंग चोरून बसला होता, बाहेर यायचं नाव नाही. उद्या तो काही खाईल असं मला वाटत नाही. वजनाविषयी न लिहिलेलं बरं.

साबण वापरलेला नाही, हे शपथेवर सांगतो. मग त्याच्या मनात काय चालतं, पेटीतल्या उजव्या खोलीपेक्षा डावीकडची त्याला का आवडू लागली, एकटा राहणारा प्राणी एकटेपणाला सरावतो का त्याचं तसं म्हणणंच नसतं, असे अनेक प्रश्न माझ्यापुढे उभे आहेत. तुला वेळ नाही हे मी जाणतो. नोंदी महत्त्वाच्या. तरी सवडीने, बारकाईने, जमल्यास दोन-तीन कागद भरून तू याचा विचार करावास, असं चेंडूच्या वतीने सुचवतो.

बर्फ किती पडला? खांबावर अजून तूच चढतेस का? इथे लोभाचा साठा पुष्कळ आहे, उचल व्हावी.

तुझे,
बाबा


गुरुवार, १९ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रात्रपाळी संपवून लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर बर्फाला दोष द्या. तुमचं पत्र वाचून धस्स झालं. एकदा खाऊन पुन्हा सोडणं बरं लक्षण नाही. त्याचे डोळे दुधाळ, निळसर दिसतात का? तसं असेल तर तो कात टाकणार आहे, त्या दिवसांत ही मंडळी खात नाहीत. नाकाशी फेस, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, असं काही आहे का? उबेचं यंत्र बंद पडलं नाही ना? हात लावून बघू नका, तापमापक बघा.

मी चारचारदा विचार करते आहे. काल पहाटे ढग खाली गेले आणि पहिल्यांदाच सगळी दरी दिसली. इतका वेळ आपण कशावर उभे आहोत ते मला माहीतच नव्हतं. तेव्हा आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ चेंडूच आठवला. मी हट्टाने त्याला आणला आणि तुमच्यावर टाकून आले. तुम्ही तिथे एकटे त्याच्याकडे बघत बसला असाल, हे डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही स्वतः जेवता ना? वेळेवर? हे मी कधी विचारलंच नाही.

सोबत आणखी तीन कागद जोडते, त्यांत काय काय तपासायचं ते सगळं लिहिलं आहे. लगेच उत्तर पाठवा. माया, आणि घोर.

तुमची,
भिंगरी


मंगळवार, ३१ डिसेंबर

चि. पंडितास,
अ. आ.

तुझ्याकडचे दोन दिवस बरे गेले. तुझ्या हातचा चहा अजून तसाच पाणचट आहे आणि तू अजून तोच पायमोजा उलटा घालतोस, तेव्हा तब्येत ठीक आहे असं मी धरते.

रविवारी संध्याकाळी तू मला तुझ्या त्या दाढीच्या आरशासमोर बसवलंस आणि चेंडूचं जेवण दाखवलंस. काय भूक त्या पोराची. तू चिमटा आत घालतोस न घालतोस तोच त्याने झडप घातली. नंतर तू मला काट्यावरचा आकडा दाखवलास, मागच्या आठवड्याचाही दाखवलास, आणि लेकीचा निकाल लागल्यासारखा घरभर हिंडलास. मलाही बरं वाटलं. वहिनी गेल्यापासून तुला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

घरी आले तर दारात भिंगरीचं पत्र. पत्र कसलं, रडणं. ती लिहिते की बाबांची दोन पत्रं आली, एका मंगळवारी लिहिलेलं आणि पुन्हा दुसऱ्या मंगळवारी लिहिलेलं, आणि दोन्हींत एकच मजकूर. काल खाल्लं नाही. आजही नाही. उद्या खाईल असं वाटत नाही. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अरे पंडिता, तो रविवारी जेवतो. सोमवारी आणि मंगळवारी तो काय म्हणून खाईल? तू त्याच्या पोटात उंदीर असताना त्याच्या उपासाचं वर्णन लिहीत होतास.

इतकी वर्षं मी वॉर्डात काढली. जेवले नसताना जेवलो म्हणणारे पेशंट रोज बघितले. जेवलेल्याला उपाशी म्हणणारा नातेवाईक मात्र तू पहिला.

आता तुझ्या कर्तबगारीचं फळ ऐक. पोरीने डॉक्टरीणबाईंना कळवलं आहे. त्या या रविवारी येऊन पेटी घेऊन जाणार आहेत. आणि भिंगरीने रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे. बरी बातमी आली नाही तर नऊ तारखेच्या जीपने तो खाली पाठवणार आणि मागोमाग स्वतः येणार. बाबांनी सापाचं एवढं मनाला लावून घेतलंय, त्यांना एकटं ठेवायला नको होतं, असं तिचं म्हणणं. तिच्या त्या नोंदी मग दुसरं कोणीतरी करेल. त्यांच्यासाठी ती खांबावर चढायला शिकली, हे तिने मला कळवलंय. तुलाही कळवलंय म्हणे.

तू का केलंस ते मी विचारत नाही, मला दिसतं. पण ते मला दिसून उपयोग नाही. तू तिला लिही. नाही लिहिलंस तर मी लिहीन, आणि माझ्या लिहिण्यात अलंकार नसतात हे तुला ठाऊक आहे. राग आहे, पण लोभाखाली आहे.

तुझी,
आक्का


शनिवार, ४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हे पत्र हातात पडताच रजेचा अर्ज फाड. फाडून झाला की पुढे वाच.

चेंडू खातो. आठ डिसेंबरला त्याने पहिल्यांदा खाल्लं, त्यानंतर एकही रविवार चुकवलेला नाही. मागच्या रविवारी आक्का साक्षीला होती. वजन वाढलं आहे, जुन्या आकड्याच्या पुढे गेलं आहे. डोळे निळे नाहीत, नाकाशी फेस नाही, श्वास माझ्यापेक्षा चांगला आहे. तुझे तीन कागद मी ओळीन्ओळ तपासले आणि प्रत्येक ओळीपुढे ठीक अशी खूण केली. ती खूण करताना मान वर करवत नव्हती.

मी तुला लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं होतं. सोमवारी त्याने खाल्लं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तो खाईल असं मला खरंच वाटत नव्हतं. एकेक अक्षर बरोबर आणि सगळं पान चूक, अशी प्रुफं माझ्या हातून आयुष्यभर गेली आहेत, आणि ती मी तांबड्या पेन्सिलीने परत पाठवली आहेत. तसलंच पान मी स्वतः लिहून तुला पाठवलं, तेही दोनदा. आमच्या गुरुजींनी व्याकरण शिकवलं ते यासाठी नव्हे, हे मी जाणतो. तू खांबावर असताना मी खालून दोर हलवला.

डॉक्टरीणबाईंकडे गुरुवारी स्वतः गेलो. त्यांच्या टेबलावर एक मांजर होतं, त्याच्यासमोर सगळं सांगावं लागलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मग रविवारचं काय. उद्या त्या येत आहेत, पण पेटी न्यायला नव्हे. चेंडूला जेवताना बघायचं आहे, म्हणाल्या. मी अट घातली की पाठमोरं बसावं लागेल आणि आरसा एकच आहे. त्यांनी मान्य केलं. आंघोळीची हकीकत त्यांना आधीच कळलेली दिसली, कारण निघताना त्यांनी मला साबणाचा छाप विचारला. हा तुझा पराक्रम असणार, त्याबद्दल आपण सावकाश बोलू.

तू खाली उतरू नकोस. हिवाळा तुझा आहे, तो पुरा कर. नोंदी आणि खांब सांभाळ, मी इथे चेंडू सांभाळतो. मी जेवतो का, असं तू विचारलं होतंस. जेवतो. रविवारी चेंडूचं झालं की त्याच्या खोलीत, पाठमोरा बसून, माझं ताट घेतो. आम्हा दोघांनाही तसंच बरं पडतं.

दंड म्हणून जे काही ठरवशील ते मान्य. लोभावर माझा हक्क उरला आहे का, ते तूच ठरव.

तुझे,
बाबा

ता. क. तुझ्या आईच्या पत्राखाली मी दोन ओळी लिहायचो, कारण बाकीचं सगळं तिने वर लिहिलेलं असायचं. आता वरचा कागद मलाच भरायचा असतो. चेंडूच्या खाण्याची मला काळजी नाही. तो खातो, वाढतो, उद्याही खाईल. मला काळजी वाटते ती ही, की तो खातो म्हटल्यावर तू मला लिहायचं थांबवशील, आणि तुला दुसरं काय लिहावं ते मला सुचणार नाही.